मुरलीधरला सांभाळून काढा

"मला काढणारा अजून जन्माला यायचाय, मनोरमा!"

मुरलीधरराव नाफडे हे वाक्य रोज सकाळी बुटाची नाडी बांधताना म्हणायचे. साल दोन हजार नऊ. दुबईत मंदी अशी आली होती, की क्रेन जागच्या जागी उभ्या राहिल्या होत्या आणि माणसं मात्र उभ्या उभ्या चालली होती! अल मनखूलच्या त्यांच्या बिल्डिंगची लिफ्टसुद्धा हल्ली बटण दाबलं की यायची, कारण वर राहणारं फारसं कुणी उरलंच नव्हतं. ऑफिसात लोक 'गुड मॉर्निंग'ऐवजी 'आज कोण?' असं विचारायचे. अशा दिवसांत छाती काढून असलं वाक्य बोलणारा माणूस एक तर मालकाचा जावई असतो, नाही तर मुरलीधरराव!

"अहो, असं मोठ्यांदा बोलू नये. दृष्ट लागते," मनोरमा डबा भरता भरता म्हणायची.

"अगं, अकरा वर्षांचे रेट माझ्याकडे आहेत! मला काढतील तर बिल्डिंगचा भाव काय तो दरवान सांगणार आहे?"

हे मात्र खरं होतं. दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कातल्या एका डक्टच्या कंपनीत मुरलीधरराव एस्टिमेटर होते. डक्ट म्हणजे एसीची गार हवा घरोघर पोचवणारे पत्र्याचे बोगदे. कुठल्या बिल्डिंगला किती पत्रा लागेल, किती माणसं लागतील, भाव काय लावायचा, हे सगळं मुरलीधररावांनी ठरवायचं. आणि त्यांचे ते लाखमोलाचे रेट होते एका पेन ड्राइव्हमध्ये. कंपनीच्या सर्व्हरवर? छे! "सर्व्हर म्हणजे धर्मशाळा हो. कोणीही यावं आणि आंघोळ करून जावं!"

आणि त्या पेन ड्राइव्हला त्यांनी नाव दिलं होतं, 'मुरलीधर'.

आता ह्यात त्यांचा दोष नाही, घरचं वळण! नाफड्यांच्या घरात चमच्यावरसुद्धा नाव घातलेलं असतं. पुण्याहून आणलेल्या एकेका वाटी-पेल्यावर 'मु. ना. नाफडे'. शेजारी वाटीभर खीर गेली, तर वाटी मुकाट्याने परत येते. काही वर्षांपूर्वी कुठल्याशा प्रदर्शनात ऑफिसातल्या सगळ्यांना एकसारखे काळे पेन ड्राइव्ह फुकट मिळाले होते, आणि रोज कोणाचा तरी कोणाकडे जायचा. एवढ्याशा तुकड्यावर नाव टोचणार कुठे? मग मुरलीधररावांनी कॉम्प्युटरमधूनच त्याचं बारसं केलं. खोचला, की स्क्रीनवर 'मुरलीधर' हजर! ऑफिसभर ते ही युक्ती सांगत सुटले होते.

तर झालं असं. मंदीत माणसं कमी करायची आणि मशीनं नवी करायची, असा त्या वर्षीचा कायदाच होता. शुक्रवार-शनिवारच्या सुट्टीत ऑफिसातल्या सगळ्या कॉम्प्युटरवर नवी ऑपरेटिंग सिस्टिम बसली. रविवारी सकाळी मुरलीधररावांनी पेन ड्राइव्ह खोचला. 'टुंग' असा आवाज आला. मग 'टुंग-टुंग' झालं. मग सगळं सामसूम! त्यांनी तो काढला, फुंकर मारली, शर्टाला पुसला आणि पुन्हा खोचला. स्क्रीन म्हणाली, हे डिव्हाइस ओळखता येत नाही.

"ओळखता येत नाही? काल आलेली तू, आणि मला ओळखत नाहीस?" मुरलीधरराव स्क्रीनवर खेकसले.

तिसऱ्या खेपेला तिने ओळख दाखवली, पण वर विचारलं, 'मुरलीधरला तपासून दुरुस्त करायचं आहे का?' चौथ्या खेपेला ती पुन्हा ओळख विसरली! शेवटी त्यांनी हारुनला हाक मारली.

हारुन हा ऑफिसचा आयटीवाला. हैदराबादचा, गोड स्वभावाचा आणि त्या दिवशी पुरता वैतागलेला. नव्या सिस्टिमला ते फुकटातले काळे पेन ड्राइव्ह मानवतच नव्हते. एखादा चालायचा, एखादा नाही, एखादा सकाळी चालून दुपारी रुसायचा. का, ते हारुनलाही कळत नव्हतं. त्याने मुरलीधर दोनदा खोचून पाहिला, डोकं खाजवलं, "देखता हूँ, भाई" म्हणाला आणि पॅन्ट्रीत चहा प्यायला गेला. तिथून त्याने स्टोअरला फोन लावला. आणि तिथंच माशी शिंकली!

कारण पॅन्ट्रीत साखर शोधत संजय उभा होता. संजय म्हणजे ऑफिसातला दुसरा मराठी माणूस. कंपनीत येऊन तीनच वर्षं झालेली, पण कोणाचं काय चाललंय ते तीस वर्षांचं माहीत! त्याच्या पोटात इडली राहायची, बातमी राहायची नाही. त्याने हारुनचं एका बाजूचं बोलणं ऐकलं ते असं:

"हाँ, मुरलीधर. नया सिस्टिम उसको पहचानता ही नहीं... पुराना हो गया, स्लो भी है... नहीं नहीं, रिपेअर करके फायदा नहीं. अंदर का सब माल पहले निकाल लेते हैं, फिर उसको निकाल के फेंक दो... अरे, आजकल उससे आधे दाम में चार गुना कपॅसिटीवाला मिलता है!"

संजयच्या हातातला चमचा खाली पडला. फोनवर पलीकडे स्टोअरकीपर होता, पण संजयने मनातल्या मनात तिथं थेट जीएम साहेब बसवले आणि तो तडक मुरलीधररावांच्या टेबलापाशी आला. आधी उगाच उभा राहिला. मग सुस्कारा सोडला.

"मुरलीधरराव, वहिनी बऱ्या आहेत ना?"

"बऱ्या आहेत की."

"आणि मिहिका? दहावीला ना यंदा?"

"हो. का रे?"

"नाही, म्हटलं, इथली दहावी तिकडं चालते ना पुण्यात? मध्येच गेलं तर?"

"मध्येच कशाला जाईल ती?"

संजयने इकडं तिकडं पाहिलं आणि कानाशी येऊन सगळं ओकला. नवी सिस्टिम, पुराना, स्लो, आधे दाम, चार गुना! एकही शब्द गाळला नाही, उलट दोनचार पदरचे घातले.

मुरलीधरराव हसले. "काहीतरीच! मी आणि स्लो?"

पण हसू अर्ध्यावरच राहिलं, कारण समोरून हारुन आला आणि गोड आवाजात म्हणाला, "मुरलीधरभाई, ऐसा करो, अंदर का पूरा डेटा मेरे को दे दो. आज ही. फिर मैं देख लेता हूँ."

मुरलीधररावांच्या पायाखालची जमीन सरकली! अंदर का सब माल पहले निकाल लेते हैं, फिर उसको निकाल के फेंक दो! हे तर शब्दाला शब्द तेच! इथं नोकरी गेली की व्हिसा गेला, व्हिसा गेला की महिनाभरात बिऱ्हाड उचलायचं. पोरीची दहावी अधांतरी, पुण्यातल्या फ्लॅटचे हप्ते तोंड वासून बसलेले, आणि सेहेचाळिसाव्या वर्षी त्यांना नोकरी कोण देणार? माणूस घाबरला की त्याला दोनच गोष्टी सुचतात, पळणं किंवा लपवणं. मुरलीधररावांनी पेन ड्राइव्ह मुठीत दाबला.

"डेटा घर पे है," ते म्हणाले.

"घर पे? अभी तो हात में था!"

"वो दूसरा था."

"मगर उसपे मुरलीधर लिखा आ रहा था!"

"हमारे घर में सब पे मुरलीधर लिखा है!" असं ओरडून मुरलीधरराव तरातरा बाहेर पडले. हारुन बघतच राहिला.

घरी मनोरमाने सगळं ऐकून घेतलं आणि मटकन सोफ्यावर बसली.

"म्हणजे, तुम्हाला काढणार?"

"रेट हातात येईपर्यंत नाही काढणार. रेट आले की खलास!"

"मग देऊ नका रेट!"

"नाही दिले तर कामचुकार म्हणून काढतील!"

"मग द्या!"

"दिले तर काम झालं म्हणून काढतील! तुला कळतंय का, मनोरमा?"

"मला एवढंच कळतंय, की तुम्हाला काही कळत नाहीये," मनोरमा म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मुरलीधररावांना एकदम भडभडून आलं. मिहिकाने कानातली वायर काढून दोघांकडे पाहिलं.

"बाबा, व्हॉट्स द बिग डील? जस्ट टेक अ बॅकअप."

"घेतोय, बाळा. बॅगा भरून सगळंच बॅकअप घ्यायची वेळ आलीये," मुरलीधरराव म्हणाले. मिहिकाने खांदे उडवले आणि वायर परत कानात घातली.

संध्याकाळी सांत्वनाला संजय आला, शारजातल्या रोल्लाच्या आपल्या घरी जाता जाता मुद्दाम वाट वाकडी करून! सोफ्यावर बसला. चहा घेतला. "माणसाचं काही खरं नाही हो," म्हणाला. मग बसल्या जागी दोनदा हलून पाहिलं.

"स्प्रिंगा चांगल्या आहेत हो. कुठून घेतला?"

"सेलमध्ये. हजार दिऱ्हम. म्हणजे तेरा हजार रुपये झाले बघा," मनोरमा डोळे पुसत म्हणाली.

"नाही, म्हटलं, वहिनी, पुण्याला काय सोफा नेणार तुम्ही? शेवटच्या दिवशी मातीमोल जातात ह्या वस्तू. मी घरचाच माणूस! उद्या दुपारी पिकअप घेऊन येतो, तीनशे देतो."

मनोरमाने विचार केला. समोरच्या बिऱ्हाडाने जाताना त्यांचा सोफा कचऱ्याच्या पेटीशेजारी ठेवलेला तिने स्वतः पाहिला होता. "बरं," ती म्हणाली. बघा, माणूस अजून नोकरीवर आहे आणि त्याचा सोफा गेला!

इकडं मुरलीधररावांनी ठरवलं, की काही झालं तरी पेन ड्राइव्ह अंगावेगळा करायचा नाही. पण ठेवायचा कुठं? खिशातून पडतो, पाकिटातून जातो. मग त्यांना त्यांच्या वडिलांची कपाटाची किल्ली आठवली. सकाळी आंघोळ झाल्यावर त्यांनी पेन ड्राइव्हची कडी जानव्यात ओवली आणि तीन गाठी मारल्या. वरून बनियन, वरून शर्ट, वरून टाय. आता या म्हणावं डेटा काढायला!

ऑफिसात पोचतात तोच जीएम साहेबांचा निरोप आला. साहेब लेबनॉनचे, आडदांड, कामापुरतं हिंदी समजणारे, मनाने मऊ आणि आवाजाने तोफ. एका मोठ्या हॉस्पिटलच्या कामासाठी कैरोचे कन्सल्टंट आले होते. हे एक काम मिळालं तर कंपनी वर्षभर तगणार होती, नाही तर शटर ओढायची पाळी! आणि अंदाजपत्रक होतं मुरलीधरमध्ये.

"मुरली, हबीबी! शो हिम युअर नंबर्स. यल्ला!"

मीटिंग रूममध्ये नवा लॅपटॉप, भिंतीवर प्रोजेक्टर, समोर बारीक मिशीचे कन्सल्टंट. मुरलीधररावांनी टाय बाजूला सारला, शर्टाची दोन बटणं उघडली आणि आत हात घातला. कन्सल्टंट मागे सरकले. पेन ड्राइव्ह बाहेर आला, पण गाठी काही सुटेनात. घामाने त्या चांगल्याच आवळल्या होत्या! शेवटी मुरलीधरराव तसेच टेबलावर ओणवे झाले आणि त्यांनी पेन ड्राइव्ह जानव्यासकट लॅपटॉपमध्ये खोचला. नाक कीबोर्डवर, पाठ छताकडे.

"व्हॉट इज द थ्रेड?" कन्सल्टंटनी विचारलं.

जीएम साहेबांनी क्षणभर विचार केला. "हाय सिक्युरिटी," ते म्हणाले.

'टुंग-टुंग' झालं. भिंतीवर हातभर अक्षरांत इंग्रजीत पाटी उमटली, 'मुरलीधरला तपासून दुरुस्त करायचं आहे का?'

मुरलीधररावांनी ओणव्यानेच मान वळवून ती वाचली. त्यांनी 'नाही'वर बोट मारलं. पाटी गेली, दुसरी आली, 'मुरलीधर उघडता येत नाही.' मग तिसरी आली, 'मुरलीधर प्रतिसाद देत नाही.' कन्सल्टंट चष्मा पुसून वाचायला लागले.

"मुरली, व्हाय इज युअर नेम ऑन द वॉल?" साहेब गोंधळून म्हणाले. "हारुन! कॉल हारुन!"

हारुन धावत आला. त्याने भिंतीकडे पाहिलं, मुरलीधररावांकडे पाहिलं, जानव्याकडे पाहिलं आणि तो जागीच ओरडला, "हिलना मत! चालू में खींचा तो सब उड जाएगा!"

मुरलीधरराव ओणवे गोठले. हारुनने दोन बटणं दाबली आणि भीत भीत जाहीर केलं, "सर, आय ॲम सॉरी. मुरलीधर इज करप्ट."

खोलीत अशी शांतता पसरली, की एसीच्या डक्टमधली हवा ऐकू येऊ लागली.

"करप्ट?" कन्सल्टंट ताडकन उभे राहिले. "युअर एस्टिमेटर इज करप्ट?"

"विच मुरलीधर?" जीएम साहेबांनी विचारलं.

"धिस वन, सर," हारुन म्हणाला आणि त्याने पेन ड्राइव्हकडे बोट दाखवलं. आता तो पेन ड्राइव्ह मुरलीधररावांच्या छातीपासून चार बोटांवर! बोट नेमकं कुठं रोखलंय, हे कोण सांगणार?

मुरलीधररावांचा बांध फुटला. ओणव्या माणसाला रागावणं किती अवघड असतं, ते ज्याचं त्यालाच ठाऊक! मान वर करून ते गरजले, "सर! पुराना बोला, सुन लिया! स्लो बोला, सुन लिया! लेकिन करप्ट? अकरा वर्षांत मी सप्लायरकडून दिवाळीची मिठाईसुद्धा घरी नेली नाही! सगळी पॅन्ट्रीत ठेवली! निकालना है तो निकालो, पण असं भिंतीवर लिहून नका काढू!"

"हू इज रिमूव्हिंग यू?" साहेब.

"आप!"

"मी?" साहेबांना मराठी येत नव्हतं, पण त्यांनी इंग्रजीत नेमकं हेच विचारलं.

"हारुन बोला! नया सिस्टिम मुरलीधर को पहचानता नहीं, निकाल के फेंक दो!"

हारुनने कपाळावर हात मारला. "अरे भाई, पेन ड्राइव्ह! मैं पेन ड्राइव्ह को बोला! उसका नाम आपने ही मुरलीधर रखा है ना?"

मुरलीधरराव टेबलावरच आडवे झाले. म्हणजे काढणार होते तो हा मुरलीधर! पुराना तो, स्लो तो, आणि आधे दाम में चार गुना कपॅसिटीवाला मिळणार होता तो ह्याच्या जागी! रडावं, हसावं की शर्टाची बटणं लावावीत, त्यांना काहीच कळेना.

मग स्टोअरमधला एक जुना कॉम्प्युटर शोधून काढला गेला. त्याच्यावर अजून जुनीच सिस्टिम होती. मुरलीधररावांना कॉरिडॉरमधून मिरवत तिथं नेलं आणि जानव्यासकट जोडलं. जुन्याला जुन्याची ओळख लगेच पटली! हारुनने अंदाजपत्रक ईमेलने मीटिंग रूममध्ये पाठवलं. कन्सल्टंटना आकडे आवडले, आणि मघाचं ओरडणं हारुनने इंग्रजीत समजावल्यावर त्याहून मिठाई घरी न नेणारा माणूस आवडला. "धिस मॅन आय ट्रस्ट," ते म्हणाले, आणि काम मिळालं!

जीएम साहेबांनी आनंदाने मुरलीधररावांच्या पाठीत अशी थाप मारली, की आणखी एक बटण उडालं. मग ते कॉरिडॉरमध्ये आले आणि आपल्या तोफेच्या आवाजात हारुनला म्हणाले, "अँड हारुन! रिमूव्ह धिस मुरलीधर! टुडे! खलास!"

समोरच्या काचेच्या केबिनमध्ये एचआरच्या शहरबानू बसायच्या. स्वभावाने प्रेमळ, मुंबईच्या डोंगरीच्या. पण गेले कित्येक महिने त्यांचं काम एकच होतं, आणि त्यांचे कान एकाच शब्दाला टवकारलेले असायचे. त्यांनी सुस्कारा सोडला, ड्रॉवर उघडला आणि कागद काढले.

कात्रीने गाठी कापून, पेन ड्राइव्ह हारुनच्या हवाली करून मुरलीधरराव जागेवर आनंदाने बडीशेप चघळत बसले होते, तेवढ्यात शहरबानू आल्या.

"मुरलीधरभाई, जीएम साब का ऑर्डर है. आज ही करना पडेगा. दिल पे मत लेना."

मुरलीधररावांना वाटलं, नव्या पेन ड्राइव्हची पावती! "अरे, दिल पे क्या लेना? पुराना हो गया था! लाओ, किधर साइन?"

शहरबानूंचा चेहरा बघण्यासारखा झाला. "इधर. और इधर भी."

"बदले में नया आएगा ना? चार गुना कपॅसिटीवाला?"

"हाँ, वो... आएगा तो सही कोई," शहरबानू अडखळत म्हणाल्या. "मुरलीधरभाई, इतना हँस के साइन करते मैंने आज तक किसी को नहीं देखा. खुदा आपको बरकत दे." आणि डोळ्याला पदर लावत त्या निघून गेल्या. 'पेन ड्राइव्हसाठी एवढं काय रडायचं?' मुरलीधररावांना नवल वाटलं.

त्यांनी घरी फोन लावला. "मनोरमा! सगळा गैरसमज होता! सोफा देऊ नकोस!"

"अहो, संजयभाऊजींचा पिकअप आत्ताच वळला कोपऱ्यावरून!"

"जाऊ दे! सोफा गेला तर गेला, नोकरी आहे!" असं म्हणून मुरलीधररावांनी फोन ठेवला आणि हॉस्पिटलच्या कामाला लागायचं म्हणून कॉम्प्युटरला पासवर्ड दिला.

कॉम्प्युटर म्हणाला, ओळखत नाही.

पुन्हा दिला. ओळखत नाही! "हारुन! तुझी सिस्टिम परत तेच करतेय बघ! माझ्याकडे तर पेन ड्राइव्हपण नाही आता!"

हारुनने येऊन पाहिलं आणि तो हळूहळू पांढरा पडला. "भाई, इस बार पेन ड्राइव्ह नहीं है. इस बार सच्ची में आपको निकाला है."

पुढचा सगळा गोंधळ जीएम साहेबांच्या केबिनमध्ये झाला. साहेब ओरडत होते, शहरबानू रडत होत्या. "सर, आप ही तो बोले! रिमूव्ह मुरलीधर, टुडे, खलास! और ये तो हँस के साइन किए! मुझसे पूछे, मेरी जगह कपॅसिटीवाला आएगा ना!"

व्हिसा रद्द करायचा कागद नशिबाने अजून टेबलावरच होता, तो साहेबांनी स्वतः फाडला. पण हसत सही केलेला राजीनामा हेड ऑफिसला पोचून मंजूरही झाला होता! राजीनामे तेवढे त्या वर्षी हां हां म्हणता मंजूर व्हायचे. आणि हेड ऑफिसचा नियम असा, की काढलेला माणूस परत घेता येत नाही. मात्र नवा घेता येतो.

म्हणून मुरलीधररावांना नवा घेतला! पगार तोच, टेबल तेच, पण सहा महिने प्रोबेशन. साठलेली रजा कोरी, सीनियॉरिटी कोरी, सावलीतलं पार्किंग संजयला, आणि गुरुवारी नव्या मुलांबरोबर कंपनीच्या माहितीचा वर्ग! पण पोरीची शाळा राहिली, घर राहिलं. मुरलीधरराव सुन्न होऊन खुर्चीत बसले. हारुनने त्यांच्यासाठी स्वतः चहा आणला आणि त्यांना समजावलं.

"भाई, टेन्शन नको. कॉम्प्युटर की जुबान में इसको फॉरमॅट बोलते हैं. पीस वही रहता है, बस अंदर का सब साफ!"

मुरलीधररावांनी चहा संपवला आणि घरी फोन लावला. घडलेलं सगळं सांगेपर्यंत पलीकडे मनोरमा रडायलाच लागली होती.

"म्हणजे नोकरी आहे ना? नक्की आहे ना? सांगा हो लवकर, माझा जीव जातोय इथं!"

"आहे गं, आहे. फक्त, हारुनच्या भाषेत सांगायचं, तर मी फॉरमॅट झालो."

"फॉरमॅट म्हणजे काय हो?"

"म्हणजे पीस तोच. आतून सगळा रिकामा."

मनोरमाने नाक पुसलं. मग ती गोंधळून म्हणाली,

"अहो, मग बदललं काय?"